दहावीतला ब्राझील आणि मोंढ्यातले सोयाबीन

बालभारतीने २०१८ साली दहावीचे भूगोलाचे नवे पुस्तक काढले. त्यात सगळ्या जगाची जंत्री देण्याऐवजी दोनच देश समोरासमोर मांडले, भारत आणि ब्राझील. दोघांचे स्थान, हवामान, लोकसंख्या, शेती, व्यवसाय अशी तुलना केली. सुरुवातीचा धडा तर क्षेत्रभेटीचा ठेवला. कल्पना उत्तम आहे.

आता गंमत बघा. ज्या पोराचा बाप ऑक्टोबरात सोयाबीनची पोती मोंढ्यात उतरवतो, त्या पोराच्या दप्तरात ब्राझील असतो. आणि बापाच्या सोयाबीनला काय भाव फुटणार, हे ठरवण्यात त्याच ब्राझीलचा मोठा हात असतो. पण दप्तरातला ब्राझील आणि मोंढ्यातला ब्राझील यांची गाठ पडत नाही. पोरगं परीक्षेत ब्राझीलची राजधानी लिहून पास होतं आणि बाप अडत्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

ही गाठ घालून देणारा माणूस गावात एकच आहे, तो म्हणजे गुरुजी. मात्र परदेशाचा अभ्यास कसा करायचा आणि तो गावाच्या जगण्याशी कसा जोडायचा, याचे प्रशिक्षण गुरुजींच्या वाट्याला क्वचितच येते. शेतीच्या पानावर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मी कृषी पदविकेचा माणूस, शिक्षणशास्त्राचा नव्हे. पण बांधावर फिरताना शेतकरी जे प्रश्न विचारतात, त्यातले निम्मे आता जिल्ह्याबाहेरचे, देशाबाहेरचे असतात. म्हणून हा विषय आपलाच आहे.

हंगाम उलटा, भाव जोडलेला

ब्राझील हा आज जगातला सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आणि निर्यातदार देश आहे. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला पसरलेला, त्यामुळे त्याचा हंगाम आपल्या उलटा. आपण जून-जुलैत पेरतो आणि सप्टेंबर अखेरपासून काढणीला लागतो. आपली मळणी चालू असते तेव्हा तिकडे पेरणी चालू असते. त्यांचा माल जानेवारीच्या पुढे, मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात येतो. म्हणजे आपला शेतकरी "दिवाळीत नको, पुढे भाव वाढेल" म्हणून माल घरात ठेवतो, तेव्हा तो नकळत ब्राझीलच्या पावसावर पैज लावत असतो. तिकडे पाऊस ताणला तर ठेवलेल्या मालाला तेजी मिळू शकते. तिकडे भरघोस पिकले तर मार्चमध्ये मंदी.

त्यात चीनचा धागा आहे. चीन सोयाबीनचा सर्वांत मोठा खरेदीदार. २०१८ मध्ये अमेरिका आणि चीनचे व्यापारावरून बिनसले, तेव्हा चीनने अमेरिकेचा माल कमी करून ब्राझीलकडे मोर्चा वळवला. त्यात आपल्या सरकारचाही धागा आहे. आपण खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीतून भागवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावले, मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात बहुतेक ठिकाणी त्याच्या खालीच सौदे झाले. एवढे सगळे धागे एका पोत्याला बांधलेले आहेत.

हे सगळे दहावीच्या पोराला समजणार नाही असे नाही. फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकात आपला जून ते मे, दुसऱ्यात ब्राझीलचा. कोणत्या महिन्यात कुठे पेरणी, कुठे काढणी, एवढे भरायचे. पुस्तकातला हवामानाचा धडा तिथेच संपतो आणि घरातला हिशेब तिथूनच सुरू होतो. यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही, संगणक लागत नाही. लागते ती फक्त गुरुजींची तयारी.

तुरीने शिकवलेला धडा

दुसरे उदाहरण तुरीचे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती, सगळ्यांना आठवत असेल. भाव पाहून २०१६ च्या खरिपात आपल्याकडे तुरीचा पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला. त्याच सुमारास, जुलै २०१६ मध्ये, भारत सरकारने आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाशी डाळींचा करार केला. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि पाच वर्षांत २ लाख टनांपर्यंत आयात वाढवायची, असे ठरले. २०१७ उजाडले आणि आपली तूर मोठ्या प्रमाणात बाजारात आली. बोनससह ५,०५० रुपये हमीभाव होता, पण खुल्या बाजारात त्याच्या खाली विक्री. खरेदी केंद्रांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला. हे आपण भोगले.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. तेव्हा मोझांबिकचा शेतकरी अडचणीत आला. त्यानेही भारताच्या भरवशावर तूर लावली होती, तो स्वतः तूर फारशी खात नाही. त्याचाही भाव कोसळला. म्हणजे दोन्हीकडचा शेतकरी एकाच खड्ड्यात पडला आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. पुढे मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली झाली.

आता विचारा, मोझांबिक कुठे आहे? तिथे तूर कधी निघते? आपल्या किती गावांत याचे उत्तर मिळेल? तिथली काढणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते, म्हणजे आपल्या नव्या तुरीच्या तीन-चार महिने आधी तो माल आपल्या बंदरावर येऊ शकतो. तो देश १९७५ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि आजही तिथली राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज आहे. आपला गोवा १९६१ पर्यंत त्याच पोर्तुगीजांकडे होता. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र १९७१ पासून आहे. म्हणजे जाणकार आपल्याच राज्यात बसलेले आहेत. मुंबईच्या त्या केंद्रापासून वाशिम-यवतमाळच्या शाळेपर्यंत पाट काढलेला नाही, एवढेच. धरण भरलेले आहे, चारी खोदलेली नाही.

द्राक्षवाल्यांना २०१० आठवत असेल. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपण ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतो त्याचा अंश सापडला आणि माल अडकला. औषध बागेत वर्षानुवर्षे वापरात होते. पलीकडच्या देशांचा नियम काय आहे, हे मात्र वेळेत शेतकऱ्यापर्यंत पोहोचले नाही. परदेशाबद्दलचे अज्ञान किती महाग पडते, याचे यापेक्षा वेगळे उदाहरण नको.

अमेरिकेने काय केले

शिक्षकांना जगाचा अभ्यास शिकवण्याचे काम अमेरिकेने पद्धतशीर केले. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि अमेरिका हादरली. आपल्याला जग कळत नाही, परक्या भाषा येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५८ साली त्यांनी संरक्षणासाठी शिक्षणाचा कायदा केला. त्याच्या सहाव्या प्रकरणाखाली विद्यापीठांत एकेका प्रदेशाच्या अभ्यासाची केंद्रे उभी राहिली. दक्षिण आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व अशी. १९६१ मध्ये फुलब्राइट-हेज कायदा आला, त्यातून शाळेतल्या शिक्षकांनाही परदेशी पाठवण्याची सोय झाली.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. सत्तरच्या दशकापासून या केंद्रांवर बंधन आले की ज्ञान विद्यापीठाच्या कुंपणात ठेवायचे नाही, शाळांपर्यंत न्यायचे. मग उन्हाळ्यात शिक्षकांच्या कार्यशाळा, तयार पाठ, नकाशे-वस्तूंच्या पेट्या, मुलांसाठी चांगल्या पुस्तकांची निवड अशी कामे सुरू झाली. जे शिक्षक चार-सहा आठवडे भारतासारख्या देशात राहून येत, त्यांनी परत गेल्यावर वर्गात वापरण्याजोगा पाठ तयार करून द्यायचा, अशी अट असे. फिरून आलो, फोटो काढले, एवढ्यावर सुटका नाही.

या इतिहासात आपल्या आजोबांचाही वाटा आहे बरं का. १९५४ च्या पी.एल. ४८० कायद्याखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे आला. त्याची किंमत आपण रुपयांत दिली. त्या रुपयांतला काही भाग अमेरिकेने १९६२ पासून भारतीय पुस्तके विकत घेण्यात घातला आणि ती तिथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत गेली. त्यात मराठी पुस्तकेही होती. रेशनच्या रांगेत उभे राहून घेतलेल्या गव्हाच्या पैशातून परक्यांनी आपला अभ्यास केला. आपल्याकडे गव्हाची आठवण उरली, त्यांच्याकडे पुस्तके उरली. हे टोचण्यासाठी सांगत नाही. अभ्यासाची किंमत त्यांना कळली होती, हे सांगायचे आहे. त्याच काळात आलेल्या एलिनॉर झेलियट यांनी डॉ. बाबासाहेबांच्या चळवळीवर आयुष्यभर काम केले. गेल ऑम्वेट तर अभ्यासाला आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच झाल्या. २०२१ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.

अर्थात या योजनेचा हेतू निव्वळ ज्ञानाचा नव्हता. देशाच्या सुरक्षेची आणि वर्चस्वाची काळजी त्यामागे होती, हे नाव वाचूनच कळते. म्हणून तिची आंधळी नक्कल नको. आणि आता तर तिथेही वारे फिरले आहे. २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने हे काम पाहणाऱ्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना कमी केले, फुलब्राइट-हेजची त्या वर्षीची निवड रद्द केली आणि प्रादेशिक अभ्यास केंद्रांचे चालू अनुदान सप्टेंबरात पुढे दिले नाही. सहा-सात दशके जपलेले झाड एका वर्षात पाण्यावाचून ठेवले. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, शिक्षक तयार करायला पिढी लागते. दुसरी, सगळा पाणीपुरवठा एकाच वरच्या नळावर ठेवला तर तो नळ बंद करणारा हात कधीही येऊ शकतो. मुळे जिल्ह्यात हवीत.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. जिल्ह्याला डायट आहे. केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. २०१७ पासून दीक्षा हे व्यासपीठ मोबाइलवर आहे, २०१९ मध्ये निष्ठा प्रशिक्षण सुरू झाले. साधने आहेत, प्रश्न त्यात काय भरायचे हा आहे.

या ५० तासांत भाषा-गणिताच्या पायाभूत कौशल्यांना पहिला मान मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. ज्या पोराला वाचता येत नाही त्याला ब्राझील काय सांगणार! पण वरच्या वर्गांचे काय? भूगोल-इतिहासाच्या शिक्षकाच्या हाती पुस्तक येते, पुस्तकामागचे जग येत नाही. शिवाय गुरुजींच्या मागे मतदार यादी, निवडणूक, सर्वेक्षण, माहिती भरणे ही कामे आहेतच. प्रशिक्षण म्हणजे आणखी एक हजेरी, असे त्यांना वाटले तर दोष त्यांचा एकट्याचा नाही.

आमच्या खात्याचा जुना अनुभव

इथे आमच्या खात्यातला एक अनुभव कामाचा आहे. ऐंशीच्या दशकात आपल्या राज्यात प्रशिक्षण व भेट योजना चालली. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाने मांडलेली आणि जागतिक बँकेच्या मदतीने देशभर पसरलेली ही पद्धत. ग्रामपातळीवरच्या कार्यकर्त्याला ठरावीक दिवशी, दर पंधरवड्याला प्रशिक्षण. येत्या पंधरवड्यात शेतात जे काम येणार तेवढेच शिकवायचे. मग ठरलेल्या दिवशी त्याने संपर्क शेतकऱ्याकडे जायचे. शेतकऱ्याचा प्रश्न वर विषयतज्ज्ञाकडे आणि तिथून विद्यापीठाकडे जायचा, उत्तर खाली यायचे.

त्या योजनेत उणिवा होत्याच. वरून ठरलेला संदेश खाली ढकलण्याची सवय लागली, कोरडवाहू शेतकऱ्याचे प्रश्न मागे राहिले, आणि बाहेरचा पैसा आटल्यावर शिस्तही आटली. पण तिचे तीन गुण मोलाचे होते. शिक्षण थोडे पण वारंवार. जे शिकवायचे ते लगेच वापरायचे. आणि प्रश्नाला वर जाण्याची वाट. एखाद्या मोठ्या सभागृहात दोन दिवस भाषणे, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र, याने कृषी सहायक तयार झाला नाही आणि गुरुजीही होणार नाहीत.

करता येण्याजोगे

मग काय करावे? मोठ्या निधीची वाट न पाहता जिल्ह्यात सुरू करता येईल असे सांगतो.

एक, ५० तासांपैकी सहा-आठ तास 'जग आणि आपला जिल्हा' या विषयाला द्यावेत. जिल्ह्याची दोन-तीन मुख्य पिके घ्यावीत आणि त्यांच्यामागचे देश घ्यावेत. लातूरला ब्राझील, नाशिकला युरोप आणि बांगलादेश, नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यालाही बांगलादेश. त्या देशाने २०१९ पासून संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले आणि आपल्या बागायतदाराला त्याची झळ बसली. खताच्या पोत्यावरूनही धडा होतो. पोटॅश आपल्याकडे निघत नाही, ते कॅनडा, रशिया, बेलारूसकडून येते. रॉक फॉस्फेट मोरोक्को, जॉर्डनकडून.

दोन, शिकवायला एकटा शिक्षणतज्ज्ञ नको. बाजार समितीचे सचिव, कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ, निर्यात करणारा एखादा शेतकरी आणि विद्यापीठातला त्या देशाचा अभ्यासक, असे चौघे एका सतरंजीवर बसावेत. अभ्यासक दूरदृश्य पद्धतीने आला तरी चालेल.

तीन, दर महिन्याच्या परिषदेत दोन शिक्षकांनी आपण वर्गात घेतलेला पाठ इतरांसमोर मांडावा. काय जमले, पोरांनी कोणता प्रश्न विचारला, तो लिहून ठेवावा. उत्तर माहीत नसेल तर तो प्रश्न वर पाठवावा.

चार, हे शिक्षण निव्वळ भावासाठी नको. मोझांबिकचा शेतकरी आपला वैरी नाही, तोही पावसाकडे बघणारा, कर्ज काढणारा माणूस आहे. तिथली माणसे काय खातात, कोणती भाषा बोलतात, त्यांच्या पोरांची शाळा कशी असते, हेही वर्गात आले पाहिजे. नाहीतर आपण नुसते सटोडिये तयार करू.

गुरुजींनी बाजारभावाचे भाकीत करावे, असे माझे म्हणणे नाही. ते काम जाणत्या व्यापाऱ्यालाही जमत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. असले निर्णय कोणाच्या पंचांगात नसतात. पण असा निर्णय झाला की कोणाला फायदा, कोणाला तोटा, आपला गिऱ्हाईक देश आता कोणाकडे वळेल, हे प्रश्न ज्याला विचारता येतात तो अफवेवर माल विकत नाही. प्रश्न विचारायची ही सवय शाळेतच लागते.

आता तुमच्या हाती काय आहे ते पाहा. आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे तुम्हीच. त्या बैठकीत खिचडी आणि संरक्षक भिंतीच्या जोडीला एक प्रश्न टाका, आमच्या शिक्षकांना या वर्षी कोणते प्रशिक्षण मिळाले आणि त्यातले वर्गात काय आले? माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक सभेत हाच प्रश्न विचारा. सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शाळेला जगाचा एक मोठा, चालू नकाशा घेऊन द्यावा. खर्च किरकोळ आहे. केंद्रप्रमुखांनी येत्या परिषदेत एक तास मोकळा ठेवावा, आमच्यापैकी कोणीतरी पिकाची माहिती घेऊन नक्की येईल. हे आमच्या विस्तारकामातच बसते.

सोयाबीन काढणीला आले की शाळांत पहिले सत्र संपत आलेले असते. त्याआधी एका शनिवारी दहावीच्या वर्गाची क्षेत्रभेट मोंढ्यात न्या. पुस्तकातला पहिला धडा तिथेच होईल. पोरांना लिलाव बघू द्या, आवक लिहू द्या, भाव लिहू द्या. मग वर्गात परत येऊन नकाशा उघडा आणि विचारा, आज ब्राझीलमध्ये कोणता महिना चालू आहे आणि तिथल्या रानात काय चालले असेल?